पारुळकर, दिलीप

पारुळकर, दिलीप : (मृत्यू १० ऑगस्ट २०२५). भारतीय वायुदलातील लढाऊ वैमानिक व १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील युद्धबंदी. १९६३ मध्ये ते वायुदलात अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने विमान जर्जर झाले व उजवा खांदा जखमी झाला असताही, विमान सोडून उडी घेण्याचा तुकडीच्या नेत्याचा सल्ला न मानता त्यांनी ते तळावर परत आणले, म्हणून त्यांना वायुसेना पदक प्रदान करण्यात आले.

१० डिसेंबर १९७१ रोजी झफरवालनजीक त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले, आणि त्यांची रवानगी रावळपिंडीच्या युद्धबंदी छावणीत झाली. जुलै १९७२ मध्ये सिमला करारावर सह्या होऊनही कैद्यांच्या सुटकेचा प्रश्न लोंबकळतच राहिला. लढाऊ वैमानिकाचे शौर्य आकाशातील काही क्षणांवरून मापण्याचा प्रघात आहे. परंतु पारुळकरांचे खरे कर्तृत्व, आमच्या मते, बंदिवासात महिनोन्‌महिने चिकाटीने रचलेल्या पलायनाच्या योजनेत आहे. खाटेआड भिंतीच्या विटा पोखरणे, सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र सिद्ध करणे, वैमानिकी पोशाखातील रबरी पिशव्यांतून पाण्याची सोय करणे, ही कामे पहाऱ्याच्या नजरेखाली पार पडली. आणि मागे राहणाऱ्या सोबत्यांनी, पुढील जाचाची कल्पना असूनही, त्यांत हात घातला, हे विसरता येत नाही.

ऑगस्ट १९७२ च्या १२-१३ तारखेच्या मध्यरात्री पारुळकर, मलविंदरसिंग गरेवाल व हरीश सिंहजी हे तिघे निसटले आणि पेशावर व जमरूदमार्गे खैबर खिंडीतील लंडी कोतल येथे पोहोचले. अफगाण सरहद्द तेथून काही मैलांवरच होती. मात्र नकाशात दिसणाऱ्या लंडी खाना स्थानकाची वाट त्यांनी विचारली, आणि ते स्थानक १९३२ पासूनच बंद असल्याने तहसील कचेरीतील माणसाला संशय येऊन तिघे पकडले गेले. त्या मुलखात परक्या हेराला जिवाचे अभय नव्हते. तेव्हा पारुळकरांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचे असल्याची बतावणी करून, पूर्वी छावणीचा अंमलदार असलेल्या उस्मान हमीद यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क साधण्याचा आग्रह धरला. हमीद यांनी ही माणसे आपलीच असल्याचे सांगितले, म्हणून तिघांचे प्राण वाचले. प्रतिपक्षाच्या या उदारतेची नोंद येथे कृतज्ञतेने केली पाहिजे.

१ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवर त्यांची सुटका झाली. पुढे त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले आणि ते ग्रुप कॅप्टन या हुद्द्यावरून निवृत्त झाले. या पलायनावर फेथ जॉन्स्टन यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे.