‘झोऊ’ची गोष्ट : तपासणीच्या हद्दीपासून राज्यापर्यंत

चीनच्या नकाशावर ग्वांगझोऊ, हांगझोऊ, यांगझोऊ अशी नावे आढळतात. ही सारी शहरे आहेत. पण त्यांच्या शेवटी येणारा ‘झोऊ’ हा शब्द मुळात शहराचा नव्हे. त्याच्या चिनी अक्षराच्या जुन्या रूपात वाहते पाणी आणि त्यातून वर आलेली जमीन दिसते. पुढे हाच शब्द देशाच्या विभागासाठी रूढ झाला. राजा यू याने पूर ओसरवून देशाचे नऊ झोऊ पाडले, असे प्राचीन ग्रंथ सांगतात. पण ती झाली कथा. प्रत्यक्ष कारभारात झोऊ आला तो पुष्कळ नंतर.

इ.स.पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने चीन एकत्र केला आणि देशाचे ३६ भाग पाडले. सोयीसाठी आपण त्यांना जिल्हे म्हणू. पुढे हान घराण्याच्या काळात त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली. इ.स. २ च्या शिरगणतीत सुमारे ६ कोटी लोकांची नोंद आहे. एवढ्या पसरलेल्या देशात दूरचा जिल्हाधिकारी काय करतो, हे राजधानीत कसे कळावे?

सम्राट वू याने इ.स.पू. १०६ मध्ये यावर तोड काढली. राजधानीचा परिसर वगळून त्याने देशाचे १३ तपासणी-विभाग केले आणि प्रत्येकावर एक तपासनीस नेमला. त्या काळी हुद्दा धान्याच्या मापात सांगत. जिल्हाधिकारी २००० मापांचा, तर त्याला तपासणारा अवघा ६०० मापांचा! यामागे हिशेब होता. लहान हुद्द्याच्या माणसाला गमावण्यासारखे थोडे आणि मिळवण्यासारखे पुष्कळ, म्हणून तो निर्भीडपणे दोष दाखवी. शिवाय त्याच्याकडे ना सैन्य होते, ना खजिना. त्याने काय पाहावे याची सहा कलमे ठरलेली होती. पहिले कलम जमिनी बळकावणाऱ्या स्थानिक धनदांडग्यांविषयी होते. उरलेली पाच अधिकाऱ्यांची पिळवणूक, अन्यायी निवाडे, वशिलेबाजी, मुलांची दांडगाई आणि धनिकांशी संगनमत यांविषयी होती.

पुढे तपासनिसाला कायमची कचेरी मिळाली आणि त्याचे वजन वाढत गेले. इ.स. १८४ मध्ये ‘पिवळे फेटेवाले’ शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. तपासनिसांना पुरेसा अधिकार नाही म्हणून बंडे आवरत नाहीत, तेव्हा ज्येष्ठ मंत्र्यांना झोऊवर पाठवावे, असे लिऊ यान या मंत्र्याने इ.स. १८८ मध्ये सुचवले. ते मान्य झाले. या नव्या पदाचे नाव होते ‘मू’, म्हणजे गुरे राखणारा. सैन्य आणि महसूल दोन्ही आता त्याच्या हाती आले.

लिऊ यान स्वतः यी-झोऊत गेला. आजच्या सिचुआनचे खोरे हा याचा मुख्य भाग. चहूबाजूंनी डोंगर, आत सुपीक जमीन. केंद्राचा हात पोचणे अवघड. तो १९४ मध्ये वारल्यावर सत्ता त्याच्या मुलाकडे गेली. २१४ मध्ये लिऊ बेई याने ती घेतली आणि २२१ मध्ये तेथेच स्वतःला सम्राट घोषित केले. हे राज्य २६३ पर्यंत टिकले. तपासणीची हद्द अशी राज्याची हद्द बनली.

यानंतरच्या शतकांत झोऊंचे तुकडे होत गेले. ५८० च्या सुमारास त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. ५८३ मध्ये स्वी घराण्याने मधली जिल्ह्यांची पायरीच काढून टाकली. झोऊ आता स्वतःच जिल्ह्याएवढा झाला. म्हणूनच हे नाव आज अनेक शहरांच्या नावांत आढळते.

पण दूरवर लक्ष ठेवण्याचा प्रश्न सुटला नव्हता. ६२७ मध्ये थांग घराण्याने देशाचे दहा ‘दाओ’ केले. पुढे त्यांवरही तपासनीस आले आणि ७५५ च्या बंडानंतर प्रांतोप्रांतीचे लष्करी सुभेदार पुन्हा शिरजोर झाले. तपासणाऱ्याच्या हाती सैन्य आणि महसूल आला की त्याला तपासणारा कोणी उरत नाही, हेच पुन्हा दिसले.

वर्गात जुन्या चीनचा नकाशा दाखवताना म्हणूनच त्यावरचे सालही मुलांना वाचायला सांगावे. नाव ‘झोऊ’च असले तरी इ.स.पू. १०६, इ.स. १८८ आणि ५८३ या तीन सालांत त्याचा अर्थ तीन प्रकारचा आहे.