धनुष्याच्या दोरीचा कायदा

1451 साली दुसरा मेहमद उस्मानी तख्तावर बसला. त्याची सावत्र आई नव्या सुलतानाचं अभिनंदन करायला गेली असताना तिकडे तिच्या तान्ह्या अहमदला मारून टाकण्यात आलं, असं बायझंटाइन इतिहासकार दूकास सांगतो.

भावांना मारण्याची ही रीत मेहमदच्या आधीची. 1389मध्ये कोसोवोच्या रणांगणावर पहिला मुराद पडला आणि तिथेच त्याच्या मुलाने, बायझीदने, भावाचा, याकूबचा काटा काढला. पुढे 1402 साली अंकाराजवळ तैमूरने बायझीदला कैद केलं. त्यानंतर त्याची मुलं गादीसाठी अकरा वर्षं एकमेकांशी लढत राहिली. ती भाऊबंदकी राज्याच्या मुळावर आली होती. मेहमदच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कानूननाम्यात, म्हणजे कायद्यांच्या संहितेत, या धास्तीचा कायदा झाला: गादी मिळालेल्याने जगाची घडी टिकावी म्हणून भावांना मारणं योग्य, आणि बहुतेक उलेमांची, धर्मपंडितांची, त्याला मान्यता आहे.

कुराणात याच्या नेमकं उलट आहे. पाचव्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, आदमच्या एका मुलाने दुसऱ्याला मारल्याची कथा येते आणि तिला लागूनच बजावलं जातं, की एका निरपराधाचा खून हा साऱ्या मानवजातीचा खून. दरबाराच्या पाठीराख्यांनी आधार काढला तो दुसऱ्या सूऱ्यातला, फितना (बंडाळी, अराजक) हत्येहून वाईट, हा. ते वचन मक्केतल्या छळाच्या आणि लढाईच्या संदर्भातलं. पाळण्यातल्या पोराने कोणता फितना माजवला होता?

मारण्याची पद्धतही ग्रंथातली नव्हती. राजघराण्याचं रक्त सांडू नये, हा तुर्क-मंगोलांचा जुना संकेत. म्हणून धनुष्याच्या दोरीने गळा आवळायचा. 1595मध्ये तिसऱ्या मेहमदने आपले 19 भाऊ असे मारवले. त्यांतली कितीतरी अजाण मुलं होती. आयासोफियाच्या आवारात, बापाशेजारी त्यांना पुरलं.

1603 साली तेरा वर्षांचा पहिला अहमद सुलतान झाला. त्याला अजून मूल नव्हतं; धाकटा भाऊ मुस्तफा वाचला. राजपुत्रांना मारण्याऐवजी महालात कोंडून ठेवायची चाल हळूहळू रुळली.

तरी दोरी पुन्हा निघाली. 1621मध्ये दुसऱ्या उस्मानला पोलंडच्या मोहिमेवर निघण्याआधी भाऊ मेहमद नको होता. साम्राज्याचे सर्वोच्च धर्माधिकारी, शेखुल इस्लाम एसाद एफेंदी, यांनी फतवा द्यायला साफ नकार दिला. सुलतानासमोर असं नाही म्हणायला केवढी छाती लागली असेल! उस्मान मग रुमेलियाच्या, म्हणजे युरोपीय प्रांतांच्या, काझी-अस्करकडे, तिथल्या मुख्य न्यायाधीशाकडे, वळला. त्याने फतवा दिला, आणि राजपुत्र मेहमदचा गळा आवळला गेला.