एस्प्रेसोची गाळणी : एका दुर्लक्षित वाटीचा इतिहास

एस्प्रेसो कॉफीचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८८४ साली तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो ह्यांनी वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेत्झेरा ह्यांनी एकेका पेल्यापुरती कॉफी काढण्याची युक्ती शोधली आणि देझिदेरिओ पावोनी ह्यांनी तिचे हक्क घेऊन ती बाजारात आणली. पुढे गाज्जाची तरफ आली. १९६१ साली फाएमा कंपनीचे पंपावर चालणारे ई-६१ हे यंत्र आले (नावातला ‘ई’ त्या वर्षीच्या सूर्यग्रहणाचा, ही आपली जाता जाता). ह्या कथनातला नायक एकच, तो म्हणजे दाब. ज्या वाटीत कॉफीची भुकटी भरतात आणि जिच्या तळाच्या छिद्रांतून अर्क खाली उतरतो, तिचा उल्लेख सहसा येत नाही. धंद्यात तिला ‘फिल्टर बास्केट’ म्हणतात. आपण गाळणी म्हणू.

गाळणीचा विचार एस्प्रेसोहून जुना आहे. उष्णतेवरील प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या काउंट रम्फर्ड ह्यांनी १८१२ च्या आपल्या कॉफीविषयक निबंधात भुकटीचा थर समतल करून हलका दाबावा, म्हणजे पाणी त्यातून सारखे झिरपेल, असा आग्रह धरला होता. पुढच्या शतकाला दाबाची भुरळ पडली आणि ही साधी सूचना मागे पडली.

बेत्झेराचे महत्त्व आमच्या मते वाफेपेक्षा त्याच्या दांड्यात अधिक आहे. दांड्याच्या टोकाला गाळणी बसवून त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाची कॉफी वेगळी केली. त्या काळचा दाब जेमतेम दीड बार, त्यामुळे थरातला उणेपणा फारसा जाणवत नसे. आकिले गाज्जा ह्यांच्या १९४७ च्या पेटंटातील तरफेने तो आठ-नऊ बारवर नेला. पेल्यावर सोनेरी साय आली, दळण बारीक झाले, आणि गाळणीची परीक्षा सुरू झाली. बांधाला खेकड्याने भोक पाडावे आणि सारे पाणी तिथूनच निघावे, तसे ह्या दाबाखाली होते. जिथे थर विरळ, तिथून पाणी घुसते. तेथील भुकटीतून कडवटपणा निघतो आणि शेजारची भुकटी अर्धवट भिजून आंबट अर्क देते. एकाच घोटात दोन्ही दोष येतात.

दोष कुणाचा? इटलीत चांगल्या एस्प्रेसोची सूत्रे ‘म’ ह्या अक्षरावर बांधलेली आहेत. मिश्रण, दळण, यंत्र आणि हात ह्यांना इटालियनमधले शब्द योगायोगाने म-नेच सुरू होतात. गाळणीला त्या अनुप्रासात जागा नव्हती. त्यामुळे कॉफी बिघडली की बोल ‘हाता’ला, म्हणजे यंत्रापाशी उभ्या असलेल्या नोकराला लागे. साच्यात ठोकून काढलेल्या गाळण्यांची छिद्रे लहानमोठी असतात आणि त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन गाळण्या वेगवेगळी कॉफी देतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

ते सांगितले मोजमापाने. १९५० च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट ह्यांनी अमेरिकेत गाळीव कॉफीसाठी १८ ते २२ टक्के अर्क हे प्रमाण रूढ केले होते. व्हिन्स फेडेले ह्यांच्या व्हीएसटी कंपनीने अर्क मोजण्याचे सुटसुटीत साधन कॉफीवाल्यांच्या हाती दिले आणि २०१० च्या सुमारास प्रत्येक छिद्र तपासलेल्या गाळण्या आणल्या. ह्या गाळण्यांतून पाणी लवकर उतरते, म्हणून दळण आणखी बारीक करावे लागते. जुन्या आणि नव्या गाळणीची तुलना एकाच दळणावर करणारा माणूस नव्या गाळणीवर अन्याय करतो. प्रत्येकीला तिचे दळण द्यावे, भुकटीचे आणि पेल्यातल्या कॉफीचे वजन मात्र तेच ठेवावे, आणि मग चव पाहावी. ह्या गाळण्या निष्काळजी भराई सहन करत नाहीत, हेही खरे. एका पेल्याची, तळाशी निमुळती होणारी, साधारण सात ग्रॅमची गाळणी त्याहून लहरी. दोन पेल्यांची सरळ भिंतीची गाळणी सांभाळायला सोपी. घरगुती यंत्रांतल्या दुहेरी तळाच्या गाळणीत बाहेर एकच बारीक छिद्र असते. त्यातून बळेच काढलेल्या फेसाला साय म्हणणे आम्हाला पटत नाही.

२०२० साली ‘मॅटर’ ह्या नियतकालिकात रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दळण फार बारीक केले तर थर जागोजागी तुंबतो आणि अर्क वाढण्याऐवजी घटतो. थोडे जाड दळण आणि कमी भुकटी अधिक भरवशाची ठरते. रम्फर्डच्या समतल थराकडे विज्ञान दोनशे वर्षांनी परतले.

मराठी वाचकाला ह्या इतिहासाचा एक वेगळाच अवशेष परिचित आहे. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात ‘एक्स्प्रेसो’ ह्या नावाने मिळणाऱ्या कॉफीत झटपट विरघळणारी पूड आणि साखर पेल्यात घोटून, दुधात फुसफुसणारी वाफ सोडून वर चॉकलेटची भुकटी भुरभुरतात. वाफ टिकली, नाव थोडे बदलून टिकले, गाळणी गेली. ती पाहायची असेल तर माटुंग्याच्या दाक्षिणात्य उपाहारगृहांत जावे. तिथल्या पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्याला सच्छिद्र तळ असतो, भुकटीवर ठेवायची दांडीची चकती असते, आणि दाब फक्त पाण्याच्या स्वतःच्या वजनाचा असतो.