पालकातील लोह आणि सरकलेले दशांश चिन्ह

पालकात भरपूर लोह असते हा समज दशांश चिन्हाच्या चुकीतून पसरला, ही गोष्ट अनेक शिक्षकांनी वर्गात सांगितली असेल. आम्हीही ती सांगत आलो. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे दशांश चिन्ह एक घर सरकले, लोहाचा आकडा दसपट झाला आणि १९३०च्या दशकात चूक सुधारेपर्यंत चित्रकथेतला पॉपाय खलाशी पालक खाऊन बलवान होऊन बसला! 'आकडे तपासून घ्या' हे मुलांच्या मनावर ठसवायला याहून सोयीची गोष्ट नाही. मात्र एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे कुठे लिहिले आहे?" आम्ही निरुत्तर झालो.

शोध घेतल्यावर वेगळाच इतिहास हाती आला. ही गोष्ट पूर्वीही अधूनमधून सांगितली जात असे; पण तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९८१ साली. ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञ टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात ती लिहिली. लेखाचा विषय होता विज्ञानातील बनवाबनवी; पण या गोष्टीला त्यांनी कोणताच संदर्भ दिला नव्हता. पुढे इतरांनी हॅम्ब्लिन यांचा हवाला दिला, त्या इतरांचा हवाला आणखी कोणी दिला आणि ऐकीव गोष्ट 'सिद्ध' झाली.

२०१० साली इंग्लंडमधील गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी मूळ कागदपत्रे धुंडाळली. दशांश चिन्ह सरकल्याचा पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही. पॉपायचे म्हणाल, तर १९३२ सालच्या चित्रपट्टीत तो पालकाचे गुण गातो ते 'अ' जीवनसत्त्वासाठी, लोहासाठी नव्हे!

यात विज्ञानाचा एक धडाही आहे. १०० ग्रॅम ताज्या पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते, आणि पालकाचा नऊ-दशांशांहून अधिक भाग पाणी असतो. म्हणजे वाळवलेल्या पालकाचा आकडा ताज्या पालकाला लावला, तरी दसपटीचा घोटाळा होतो. त्यासाठी दशांश चिन्ह सरकण्याची गरज नाही.

नॉर्वेतील मानववंशशास्त्रज्ञ ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी २०१४ साली याच गोष्टीच्या आधारे संशोधकांच्या एका सवयीवर बोट ठेवले. मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या लेखातील संदर्भ जसाच्या तसा उचलायचा, ही ती सवय. दुसऱ्याची वाक्ये आपल्या नावावर खपवणे ही चोरी, हे मुलांना कळते. न वाचलेल्या पुस्तकाचे नाव संदर्भात लिहिणे हेही खोटेच, हे मात्र आपण क्वचितच सांगतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रकल्पवहीत प्रत्येक माहितीपुढे लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान लिहायला सांगावे. शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर ते अवतरणचिन्हांत असावेत. आशय आपल्या शब्दांत मांडला, तरी मूळ लेखकाचे नाव द्यावेच. मूळ पुस्तक पाहिले नसेल तर 'अमक्याच्या पुस्तकात उल्लेख वाचला' असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही. पुढच्या वाचकाला माग काढता येतो, आणि चूक असेल तर ती कुठे शिरली हेही सापडते.

पालकाची गोष्ट आम्ही आजही वर्गात सांगतो. पण आता ती पूर्ण सांगतो, आपण स्वतः कसे फसलो त्यासकट.