वाटेवरचा संसार

पीटर मंडी नावाचा एक इंग्रज इ. स. १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्यास चालला असता वाटेत त्याला लमाणांचा एक तांडा भेटला. तांड्यात १४,००० बैल होते व ते धान्याने लादलेले होते. मंडीने ही संख्या आपल्या रोजनिशीत टिपून ठेविली आणि तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट टिपली, की ही माणसे आपला सारा प्रपंच, बायकामुलांसह, बरोबर घेऊन हिंडतात. त्याच शतकात हिंदुस्थानात पुष्कळ प्रवास केलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही तेच लिहिले आहे. या लोकांना गाव नाही, घर नाही. तंबूत राहावे आणि माल वाहावा, एवढाच त्यांचा उद्योग. तांडा आडवा आला म्हणजे इतर प्रवाशांस दोन दोन, तीन तीन दिवस खोळंबून राहावे लागे, हेही तो सांगतो.

माल वाहणाऱ्या मनुष्याने घरापासून दूर राहून घराशी जवळीक कशी राखावी, हा प्रश्न आज मालमोटारीच्या चालकासंबंधाने विचारला जातो. लमाणाला हा प्रश्न कोणी विचारला असता तर तो त्याला समजलाही नसता. त्याचे घर मालाबरोबरच चालत असे.

याचे कारण केवळ मायाममता नव्हे. धंद्याची रीतच तशी होती. बैल वाटेत चरत चरत जाई, म्हणून वैरणीचा खर्च नसे. परंतु त्यामुळे चालही मंद राही. धान्य घेऊन कोकणात उतरावे आणि मीठ घेऊन घाट चढावा, अशा खेपांना परतीची तारीख नसे. मागे राहिलेल्या बायकोने वाट पाहावी तरी कोणत्या दिवसाची? शिवाय तिचे श्रम धंद्याला हवेच असत. पाल उभारणे, पाल उतरविणे, भाकऱ्या भाजणे आणि पोरे सांभाळणे ही कामे तांड्याबरोबर चालणाऱ्या स्त्रियांची होती. पावसाळ्यात काळ्या रानातील चिखलातून लादलेला बैल चालत नसे. तेव्हा नायक पाणी व चारा पाहून तळ देई, आणि लग्नकार्ये बहुधा याच दिवसांत उरकली जात. वर्षातील हे महिने निसर्गानेच त्यांना नेमून दिले होते. त्यांवर कोणा व्यापाऱ्याचा हक्क नव्हता.

हे चित्र रम्य करून सांगण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. वाटेवर जन्मलेल्या मुलाला पाटी नव्हती. आजारी म्हातारीला वैद्य नव्हता. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्याही फौजांना दाणागोटा पुरविणारे हे लोक. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत वेलस्लीची मोठी भिस्त यांच्याच बैलांवर होती. असा तांडा लढाईच्या जवळ गेला म्हणजे त्यातील मुलेबाळेही लढाईच्या जवळ जात. कुटुंब बरोबर होते, ते सुखात होते असे नव्हे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली; १८६३ मध्ये ती बोरघाट चढली व १८६५ मध्ये थळघाट. मीठ आणि धान्य डब्यांतून जाऊ लागले आणि बैलांचा धंदा बसत गेला. त्यावर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला व काही प्रांतांत लमाणांवरही त्याचा शिक्का बसला. कुटुंबासह फिरत राहणे, ही ज्या धंद्याची शिस्त होती, तेच आता सरकारदरबारी संशयाचे कारण ठरले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत पुष्कळ तांडे शेतीवर किंवा मजुरीवर स्थिरावले होते.

मालाची वाहतूक पुन्हा रस्त्यावर आली ती मोटारीने. पहिल्या महायुद्धानंतर मालमोटारी वाढू लागल्या. १९३९ मध्ये त्यांच्यासाठी सबंध देशाला लागू होणारा मोटार कायदा झाला, आणि १९५४ पासून जमशेदपूरला टाटांचे ट्रक तयार होऊ लागले. ट्रकच्या केबिनीत जागा दोघांची, चालकाची आणि क्लीनरची. घर प्रथमच मागे राहिले. तेव्हापासूनचा या धंद्याचा एक इतिहास डांबर, घोडाशक्ती आणि टनांचा आहे. दुसरा, फारसा न लिहिला गेलेला, चालक आणि घर यांमधील धाग्यांचा आहे.

त्यांतील सर्वांत जुना धागा टपालखात्याचा. पाव आण्याचे कार्ड १८७९ मध्ये आणि टपालाची मनीऑर्डर १८८० मध्ये निघाली होती. ती गिरणीकामगाराच्या जशी उपयोगी पडली, तशीच पुढे चालकाच्याही. परंतु गिरणीकामगाराला चाळीची खोली होती, खोलीला पत्ता होता. चालकाला पत्ता कोणता? मग पत्र ट्रान्सपोर्ट कचेरीच्या 'मार्फत' येई आणि गाडी फिरून परत येईपर्यंत तेथील कारकुनाच्या खणात पडून राही. मूल आजारी असल्याचे पत्र हाती पडेपर्यंत मूल बरे होऊन अंगणात खेळत असे, किंवा तसे नसे. मनीऑर्डरीच्या फॉर्मवर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे, आणि पैसे पोचल्याची पावती घेणाऱ्याच्या सहीनिशी उलट टपाली येई. बायको निरक्षर असेल तर त्या पावतीवर तिचा अंगठा उमटलेला असे. जुन्या पद्धतीची ती मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली.

नंतर आली ती दूरध्वनीची पिवळी पाटी. १९८० नंतरच्या दशकात एसटीडीची दुकाने हमरस्त्यांवर ठिकठिकाणी दिसू लागली. रात्री अकरानंतर दर चौथाईवर येत, म्हणून दुकानाबाहेर त्याच वेळी रांग लागे. गावाकडे फोन बहुधा वाण्याच्या किंवा पाटलाच्या घरी. तेथून कोणी हाक मारून आणीपर्यंत इकडे यंत्रावरचे आकडे पळत राहात. बोलणे काय होई? पैसे पोचले का, म्हैस व्याली का, पोराची परीक्षा कधी. नवराबायकोने मनातले बोलावे, तर भोवती वाण्याचे घर जागे! १९९५ मध्ये मोबाईल आला आणि पुढील पंधरावीस वर्षांत तो चालकाच्या खिशातही आला, तेव्हा ही अडचण सरली. आज ढाब्यावरच्या खाटेवर बसून चालक मुलीची वही पडद्यावर पाहू शकतो. एवढे होऊनही ट्रकच्या पाठीवर मुलांची नावे रंगविण्याची आणि 'आईवडिलांची कृपा' लिहिण्याची चाल काही मोडली नाही.

तेव्हा बोलणे सोपे झाले, हे खरे. घरी जाणे तितके सोपे झाले काय? येथे कायद्याकडे पाहिले पाहिजे. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ मध्ये झाला. त्याने दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले, साप्ताहिक सुटी दिली. परंतु तो लागू होता ५ किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना. आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालकच फार, आणि पुष्कळदा चालक हाच मालक. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेच तास सर्व वाहतूक चालकांना सांगितले. सांगितले खरे, पण ज्याला खेपेवर मजुरी मिळते, त्याचे तास मोजण्याची कोणालाच गरज वाटत नाही.

आणि या मजुराचा निम्मा वेळ चालविण्यात जात नाही, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. तो जातो थांबण्यात: माल भरण्यासाठी, उतरविण्यासाठी, कागदांसाठी, परतीच्या भाड्यासाठी. महाराष्ट्रातील जकातनाक्यांवरच्या रांगा जुन्या चालकांना चांगल्या आठवत असतील. ते नाके टप्प्याटप्प्याने बंद होऊन मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी संपली, आणि वस्तू व सेवा कराबरोबर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे तपासनाकेही गेले. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हीही चांगलीच गोष्ट होय.

परतीच्या भाड्याचे मात्र अद्याप तसेच आहे. रिकामी गाडी घरी नेणे परवडत नाही. म्हणून माल उतरला की चालक दलालाच्या कचेरीसमोर गाडी लावून बसतो, एक दिवस, कधी चार दिवस. लमाणही थांबत असे. परंतु तो थांबे तेव्हा त्याची चूल शेजारी पेटलेली असे, आणि पावसाळा त्याचा होता. ट्रक पावसातही चालतो. दिवाळीपूर्वीचे दिवस तर भाड्याच्या ऐन सुगीचे, कारण त्याच दिवसांत शहरातील घराघरांतून साखर, तेल, कापड आणि फटाके हवे असतात. ते पोचवून झाल्यावर भाऊबीजेपर्यंत गावी पोचता येते की नाही, हे परतीचा माल कोणत्या दिशेचा मिळतो त्यावर अवलंबून असते.