ब्रेकमधली हवा आणि पेडलवरचा माणूस

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढणं हे मुळात दोन माणसांचं काम. एक जण चाकापाशी बसतो, दुसरा ड्रायव्हरच्या सीटवर. खालचा ओरडतो, "दाब." वरचा पेडल दाबून धरतो आणि सांगतो, "दाबला." खालचा चाकामागचं निप्पल पान्यानं अर्धा-पाव फेरा सैल करतो, तेल आणि बुडबुडे बाहेर येतात, पेडल तळाला जातं, निप्पल परत आवळलं जातं, आणि मग "सोड." असं एकेका चाकाला दहा-पंधरा वेळा. निप्पल आवळायच्या आत वरच्यानं पाय उचलला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मी काही मेकॅनिक नाही. आयुष्यभर हायस्कुलात इतिहास आणि मराठी शिकवलं. पण १९७२ सालची एक जुनी फियाट पंधरा-सोळा वर्षं सांभाळली, आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्याला मेकॅनिकी थोडीफार येतेच. न येऊन सांगते कोणाला! निवृत्तीनंतर ब्रेकची हवा घरच्या घरी, एकट्यानं काढायची वेळ आली (मुलं परगावी, शेजारी नोकरीवर), तेव्हा हे काम मुळात दोघांचं का झालं, असा प्रश्न पडला. इतिहासाच्या मास्तराला दुसरं काय सुचणार?

सुरुवात फार मागून करावी लागते. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं दाखवलं. त्याचा द्रवांवरचा ग्रंथ १६६३ साली, म्हणजे तो वारल्यानंतर वर्षभरानं छापला गेला. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं याच तत्त्वावर प्रेसचं पेटंट घेतलं. लहान सिलिंडरवर थोडं बळ लावायचं, मोठ्या सिलिंडरवर पुष्कळ मिळवायचं. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर इंजेक्शनच्या दोन सिरिंजा सलाइनच्या नळीनं जोडून हे मुलांना दाखवत. नळीत पाणी पूर्ण भरलेलं असलं की एक दट्ट्या दाबताच दुसरा तत्काळ उठतो. मधे हवेचा एक मोठा बुडबुडा राहिला की पहिला दट्ट्या नुसता आत जातो, दुसरा ढिम्म. ब्रेकमधली हवा म्हणजे नेमकं हेच. पाणी किंवा तेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. आपण पाय दाबतो, तो चाकापर्यंत पोचायच्या ऐवजी बुडबुडा दाबण्यात खर्च होतो. पेडल गादीवर पाय ठेवल्यासारखं लागतं.

मोटारीत हे तत्त्व आणणाऱ्यांत मुख्य नाव माल्कम लॉकहीडचं. होय, विमानवाले लॉकहीड तेच. माल्कम आणि अ‍ॅलन या दोघा भावांनी कॅलिफोर्नियात १९१३ साली समुद्रावर उतरणारं विमान उडवलं होतं. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग असं विचित्र की लोक ते 'लॉगहेड' वाचत, आणि त्या शब्दाचा इंग्रजीतला अर्थ 'मठ्ठ' असा होतो! शेवटी उच्चाराप्रमाणे सोपं स्पेलिंग केलं, ते आधी ब्रेकवर आलं आणि १९२६ मध्ये विमान कंपनीवर. माल्कमनं हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट १९१७ मध्ये मिळवलं आणि विमानं भावावर सोडून तो मोटारींच्या गावी, डेट्रॉइटला गेला.

त्याआधीचे ब्रेक म्हणजे सळया, तारा आणि तरफा. चार चाकांना चार सळया सारख्या ताणात ठेवणं हे रोजचं दुखणं. एक सैल पडली की ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढणार. म्हणून कित्येक मोटारींना तेव्हा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असत. द्रव मात्र आपण होऊन सारखी वाटणी करतो, त्याला कोणी समजवावं लागत नाही. १९२१ मध्ये अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग गाडीनं चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक लावून फ्रेंच ग्राँ प्री जिंकली, आणि त्याच वर्षी त्या कंपनीच्या रस्त्यावरच्या गाडीतही ते आले. पण ती श्रीमंतांची गाडी. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत ब्रेक पोचवला तो क्रायस्लरनं, १९२४ साली. लॉकहीडच्या मूळ रचनेत गळती थांबवायला कातडं वापरलं होतं, ते झिरपायचं. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्याजागी रबरी वाट्या बसवल्या. आजही गॅरेजात 'किट बदललं' म्हणतात तेव्हा मुख्यतः याच वाट्या बदललेल्या असतात.

त्या काळचं ब्रेकचं तेल म्हणजे चक्क एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण! पुढे ग्लायकॉल जातीचे द्रव आले, ते तेल नव्हेतच. पण आपण अजून 'ब्रेक ऑइल'च म्हणतो, आणि इतिहास पाहता त्यात फारसं चूक नाही.

हेन्री फोर्डनं मात्र हट्टानं हे टाळलं. शेवरलेट १९३६ मध्ये हायड्रॉलिकवर आली तरी फोर्ड पेडलपासून चाकापर्यंत पोलाद असल्याची जाहिरात करत राहिला. १९३९ च्या मॉडेलला तो नमला. या हट्टाबद्दल त्याला हसणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. सळई तुटली तर एका चाकाचा ब्रेक जातो. हायड्रॉलिकची एक नळी फुटली तर त्या काळी चारही चाकांचा जात असे. पास्कलचा नियम दोन्ही बाजूंनी खरा: दाब सगळीकडे सारखा जातो, आणि गेला तर सगळीकडूनच जातो. याचं उत्तर म्हणजे एकाच मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे. ते अमेरिकेतल्या काही गाड्यांत १९६२ पासून आलं आणि १ जानेवारी १९६८ पासून तिथल्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं. फोर्डच्या भीतीला पूर्ण उत्तर मिळायला एवढा काळ लागला. माझी फियाट मात्र एकाच कप्प्याची. पसरणीच्या घाटातून वाईकडे उतरताना मी हात हँडब्रेकच्या आसपास ठेवत असे, कारण त्याची तार वेगळी असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हायड्रॉलिक ब्रेक आला आणि त्याबरोबर हा दुसरा माणूस आला. साहेबाच्या मॅन्युअलांत तो 'मदतनीस' म्हणून एका शब्दात येऊन जातो. त्याचं वय, पगार, काहीच लिहिलेलं नसतं.

आमच्याकडे तो कोण होता, ते मी पाहिलं आहे. १९८४-८५ च्या सुमाराची गोष्ट. सातवीतला एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत येईना. गळती कमी करायची म्हणून आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवत, तसा मी गेलो. आई म्हणाली, "सर, तो हायवेच्या गॅरेजात असतो." तिथे तो मला एका अ‍ॅम्बॅसिडरमध्ये सापडला. पाय पुरत नव्हता म्हणून सीटच्या कडेवर टेकून, स्टिअरिंगला धरून, जवळजवळ उभाच राहून तो पेडल दाबत होता. खालून वस्ताद ओरडायचा, "दाब रे!" हा ओरडायचा, "दाबला!" मला पाहून त्यानं जीभ चावली, पण पाय काढला नाही. काढला असता तर हवा शिरली असती, हे तोवर त्याला शिकवून झालं होतं. वस्ताद वाईट माणूस नव्हता. "पोरगं हुशार आहे, हाताला काम लागेल," म्हणाला. वडिलांचंही तेच म्हणणं. मी तीन-चार खेपा घातल्या. तो परत आला नाही.

बालमजुरीचा कायदा १९८६ मध्ये झाला. पुढे धोक्याच्या कामांच्या यादीत मोटारींची वर्कशॉपं आणि गॅरेजंही आली. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना घरचं काम आणि कलाकारी असे अपवाद सोडून सगळ्याच कामांवर बंदी आली. कायद्याच्या तारखा आमच्यासारखे मास्तर पाठ करतात. हायवेवरच्या गॅरेजात त्या किती पोचल्या, हे गाडी दुरुस्तीला टाकताना ज्यानं त्यानं पाहावं.

आणि गंमत (गंमत कसली!) अशी, की तो दुसरा माणूस फार पूर्वीच टाळता आला असता. त्याला लागतो तो एक क्षुल्लक व्हॉल्व्ह. जुन्या सायकलच्या चाकात व्हॉल्व्ह-ट्यूब असायची, आठवते? पेन्सिलीच्या शिशाएवढी रबरी नळी. हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. तीच कल्पना उलट दिशेनं वापरायची. निप्पलवर नळी घट्ट बसवायची आणि नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह ठेवायचा. पेडल दाबलं की तेल-हवा बाहेर जाते. सोडलं की व्हॉल्व्ह बंद होतो आणि मास्टर सिलिंडर वरच्या डबीतलं ताजं तेल ओढून घेतो. मग 'दाब-सोड'चा पुकारा कोणासाठी करायचा? एकटा माणूस निप्पल सैल करून, सीटवर बसून सावकाश आठ-दहा वेळा दाबतो, उतरून नळीतले बुडबुडे पाहतो, डबी भरतो, पुन्हा बसतो. व्हॉल्व्हही नसेल तर नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवून ठेवायचं, म्हणजे परत ओढलं गेलं तर तेल जातं, हवा नाही. मात्र यात निप्पलच्या आट्यांतून थोडी हवा घुसू शकते, म्हणून शेवटचा आवळ पेडल दाबलेलं असताना झाला तर बरा. मी सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची पट्टी अडकवून ते साधत असे. याशिवाय स्टेपनीतली हवा वापरून वरच्या डबीतूनच तेल ढकलणारं इंग्रजी बनावटीचं साधन मिळतं. त्यात दाब वीस पौंडांच्या आत ठेवतात, नाहीतर डबीच्या झाकणातून तेल उडतं आणि गाडीचा रंग जातो. ब्रेक ऑइल रंगाला खातं, सांडलं की लगेच पाण्यानं धुवावं.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, मास्तरकीची सवय. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नये, घोडी लावावीच. आणि जुन्या गाडीत पेडल अगदी तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरात येत नाही तिथे गंज साठतो आणि रबरी वाटी त्यावर घासून फाटते. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून सहसा डावं मागचं आधी. नव्या गाड्यांत क्रम वेगळा असू शकतो, पुस्तिका पाहावी.

हवा काढायची तेव्हा तेलही बदलावं, कारण ते हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ३ जातीचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्यासाठी ती मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकापाशी तेवढी उष्णता सहज होते. तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पेडल एकदम तळाला. म्हणून तर घाटाच्या तोंडाशी 'खालच्या गिअरमध्ये उतरा' असं लिहितात.

तो मुलगा पुढे मोठा झाला, त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. फियाट मी त्याच्याकडेच टाकत असे, आणि तिला ब्रेकची म्हणून तक्रार कधी राहिली नाही. मॅन्युअलमधली चित्रं आणि आकडे तो बरोबर वाचायचा, मजकूर मला वाचायला सांगायचा. एकदा मी त्याला ती व्हॉल्व्हची नळी नेऊन दाखवली. त्यानं उलटसुलट पाहिली, फुंकून पाहिली, हसला. म्हणाला, "सर, हे आधीपण मिळत असंल. पण पोरगं फुकटात मिळतंय म्हटल्यावर ह्याला पैसं कोण देणार?"

मी यावर बरेच दिवस विचार केला. एखादं साधन का पसरलं नाही याची कारणं पुस्तकात तंत्राची देतात. इथे तंत्र सायकलच्या चाकात सर्वांसमोर फिरत होतं.

भारतात एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. त्याच्या डब्यात बारीक व्हॉल्व्ह असतात. त्यात हवा अडकली तर बऱ्याच गाड्यांत ते उघडायला स्कॅनर जोडावा लागतो, तिथे घरगुती नळी चालत नाही. नुसतं तेल बदलायचं असेल तर पुष्कळ गाड्यांत जुनी रीत अजून चालते. भाच्याच्या गाडीचं आम्ही मागच्या दिवाळीत बदललं. गुडघ्यांमुळे मला खाली बसवत नाही, म्हणून पेडलवर मी होतो. बाटलीत उतरलेलं तेल कोऱ्या चहासारखं काळपट होतं.