२२ जुलै १८६८ : टनब्रिजचा अग्राह्य उच्चांक

इंग्लंडच्या केंट परगण्यातील टनब्रिज येथे २२ जुलै १८६८ रोजी पारा १००.५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ३८.१ अंश सेल्सियसपर्यंत चढला, आणि ब्रिटनचे सर्वोच्च तापमान म्हणून हा आकडा दीर्घकाळ दप्तरी नमूद राहिला. पुढे तो अग्राह्य ठरला. दोष नोंद करणाऱ्याच्या सचोटीचा नव्हता, मांडणीचा होता. तापमापक ग्लेशर पद्धतीच्या उघड्या चौकटीवर टांगलेला असे, आणि तापलेल्या भूमीची धग त्यास बाधत असल्यामुळे, कडक उन्हात त्याचा आकडा, वारा खेळेल परंतु ऊन शिरणार नाही अशा, अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतील आकड्याहून अधिक येई.

रद्दबातल नोंदीचे आज प्रयोजन काय, असे कोणी विचारील. २००३ साली फॅवरशॅम येथे ३८.५, २०१९ साली केंब्रिज येथे ३८.७ आणि १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश नोंदले गेले, तेव्हा या आकड्यांची १८६८ शी तुलना करावयाची तर दोन्हीकडे माप एकच हवे, हा दंडक टनब्रिजने घालून दिलेला होता. कोनिंग्सबीचे केंद्र हवाई दलाच्या तळावर असल्याने काहींनी तेथील नोंदीविषयीही संशय घेतला. परंतु हवामान खात्याने उपकरणांची तपासणी करून ती कायम केली, आणि त्याच दिवशी हीथ्रोसह अन्य केंद्रांनीही चाळिशी ओलांडलेली होती.